हात चालवणाऱ्याने प्रश्न विचारायचे का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एम.एस. जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे स्तनाच्या कर्करोगातच काम करायचं ठरवलंय, आणि नुसती ऑपरेशनं नाही, संशोधनही करायचंय. आमचे एक सर म्हणतात, सर्जनने हात चालवावा, संशोधन हे लॅबवाल्यांचं काम. आमच्याकडे लॅब नाही, निधी नाही. सर्जनचं संशोधनातलं करिअर म्हणजे नक्की काय असतं? मला जमेल का?"

जमेल का, हे इथून सांगता येत नाही. कसं असतं ते सांगू शकतो. सत्तावीस वर्षं हेच करतोय. पहिली काही परळला शिकण्यात गेली, बाकीची पश्चिम महाराष्ट्रात.

आधी तुमच्या सरांबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. हात चालला नाही तर पुढचं सगळं फोल. पण संशोधन लॅबवाल्यांचं, हे साफ चूक. स्तनाच्या कर्करोगात गेल्या पन्नास वर्षांत जे मोठे उलटफेर झाले, त्यांतले कितीतरी सर्जन मंडळींनी घडवले, आणि तेही बहुतेकदा स्वतःच्याच ऑपरेशनवर शंका घेऊन. एक करिअर उलगडून दाखवतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

डॉ. राजेंद्र बडवे हे नाव तुम्हाला टाटा मेमोरियलचे माजी संचालक म्हणून माहीत असेल, २०१३ च्या पद्मश्रीमुळेही असेल. मला त्यांचं काम आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी. तीसहून जास्त वर्षं हा माणूस मुळात एकाच प्रश्नाच्या मागे आहे: ऑपरेशनच्या त्या तास-दोन तासांत, किंवा त्याच्या थोडं आगेमागे, असं काही घडतं का, ज्यावर ती बाई दहा वर्षांनी हयात असेल की नाही हे ठरतं?

सुरुवात लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये झाली. १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. पाळी चालू असलेल्या २४९ बायका, ऑपरेशन १९७५ ते १९८५ दरम्यान कधीतरी झालेलं, सगळ्या जुन्या नोंदी. ऑपरेशनच्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता, एवढंच बघितलं. तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यातल्या ५४ टक्के दहा वर्षांनी हयात होत्या. बाकीच्या दिवसांत झालं त्यांच्यातल्या ८४ टक्के.

आता सांगा, यात लॅब कुठे आहे? केसपेपरवर 'एल.एम.पी.', म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख, अशी एक रेघ असते. इंटर्न ती घाईत भरतो, पुष्कळदा भरतच नाही. ती तारीख आणि ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, रजिस्टरमधली तारीख, दोन्हींची वजाबाकी. तुमच्या वॉर्डात आज दुपारी जो केसपेपर अर्धवट भरला जाईल, त्यातली कुठली रेघ पुढे कामाची ठरेल हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून मी रेसिडेंटना रिकाम्या रेघांवरून बोलतो.

अर्थात एवढ्यावर 'सगळ्यांची ऑपरेशनं पाळीच्या उत्तरार्धातच करा' असं फर्मान काढणं घाईचं झालं असतं. जुन्या नोंदी फसवतात. त्या पेपरनंतर बऱ्याच हॉस्पिटलांनी आपापल्या फायली उघडल्या. कोणाला फरक दिसला, कोणाला नाही. ब्रिटनमध्येच पुढे आधीपासून आखून केलेल्या अभ्यासात तीन वर्षांपर्यंत तरी काही फरक आढळला नाही. अशा वळणावर बहुतेक माणसं एकतर विषय सोडून देतात, नाहीतर तीच स्लाइड घेऊन वीस वर्षं कॉन्फरन्सा करतात.

बडवे सरांनी जे केलं ते नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. पाळीची तारीख चिठ्ठी टाकून वाटता येत नाही. पण पाळीच्या उत्तरार्धात रक्तात जे वाढलेलं असतं ते प्रोजेस्टेरॉन इंजेक्शनने देता येतं, आणि इंजेक्शन चिठ्ठी टाकून वाटता येतं. मग ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन. निम्म्यांना द्यायचं, निम्म्यांना नाही. जी गोष्ट फक्त बघता येत होती, तिचं रूपांतर करता येण्याजोग्या गोष्टीत झालं. या कामाला यंत्र लागत नाही, पण डोकं बरंच लागतं.

निकाल २०११ ला आला. ९७६ बायका, आणि एकंदर गटात ठाम फरक नाही. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या ४७१ बायकांत मात्र पाच वर्षं रोगमुक्त राहण्याचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत ६५.३ टक्के आणि इतरांत ५४.७. उपगटातला निकाल म्हणजे वासावरून स्वयंपाकाचा अंदाज. पानात पडेपर्यंत खरं धरू नये. मी हे इंजेक्शन रोजच्या कामात देत नाही. पण इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर 'एकंदर फरक नाही' हे स्वतःच छापायला छाती लागते.

पुढची पायरी मला याहून देखणी वाटते. लोकल, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारं औषध. आपण गळू फोडताना, तुकडा घेताना जी वापरतो तीच, लिग्नोकेन. बाई पूर्ण भुलीखाली असते, त्यामुळे दुखण्याचा प्रश्नच नाही. तरीही गाठीच्या भोवती ०.५ टक्के लिग्नोकेन भरायचं आणि चीर देण्याआधी ७ ते १० मिनिटं थांबायचं. विचार असा होता: ऑपरेशनमध्ये गाठ हाताळली जाते, रक्तपुरवठा तुटतो, तिथल्या पेशींना ओढाताण सोसावी लागते. पेशींच्या आवरणावरचे सोडियम चॅनल, म्हणजे सोडियमच्या ये-जा करण्याची दारं, त्यांना हलायला, पसरायला मदत करतात असं प्रयोगशाळेत दिसलेलं होतं. आणि लोकल बंद करते ते नेमके हेच चॅनल. म्हणजे लॅबवाल्यांचं काम वापरलं, पण प्रश्न ओटीतला.

डिसेंबर २०११ पासून भारतातल्या ११ केंद्रांवर १६०० बायका यात आल्या. २०२३ च्या 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त निकाल आहे. पाच वर्षांनी हयात: लोकल दिलेल्यांत ९०.१ टक्के, न दिलेल्यांत ८६.४. रोगमुक्त: ८६.६ आणि ८२.६. महागड्या औषधांच्या चाचण्यांत एवढ्या फरकावर हॉटेलात जेवणावळी उठतात. इथे औषध ओटीच्या ट्रॉलीवर आधीच ठेवलेलं असतं.

तुम्ही सर्जन आहात म्हणून हिशोबच देतो. बाई ६० किलोची. कमाल मात्रा किलोला ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे २७० मिलिग्रॅम. ०.५ टक्के म्हणजे मिलीला ५ मिलिग्रॅम, म्हणून जास्तीत जास्त ५४ मिली. आपल्याकडे बाटली सहसा २ टक्क्यांची असते. तिच्यातले साडेतेरा मिली घ्यायचे आणि सलाइन घालून ५४ करायचे. भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं, त्यांना न सांगता एवढी लोकल भरायची नाही. दर वेळी आधी पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं, गाठीच्या सगळ्या बाजूंनी आणि खालूनही भरायचं, सुई गाठीत घुसवायची नाही. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभं राहायचं. सर्जनला यातलं सर्वांत जड काय जात असेल तर ते हे उभं राहणं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चौथ्या मिनिटालाच कॉटरी (चटका देऊन कापायचं साधन) मागितली होती, सिस्टरने घड्याळ दाखवलं.

या चाचणीवर आक्षेपही आहेत आणि ते तुम्हाला माहीत असायला हवेत. दुसऱ्या गटाला नुसत्या सलाइनचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, म्हणजे कोणाला काय मिळालं हे सर्जनला माहीत होतं. मरण मोजताना पूर्वग्रहाला फारसा वाव नसतो हे खरं, पण प्रश्न विचारणाऱ्याला खोडून काढू नका. शिवाय यात थेट ऑपरेशनला घेतलेल्या बायका होत्या. आधी किमो देऊन मग ऑपरेशन केलेल्यांना हा निकाल आपोआप लागू होत नाही. कॉन्फरन्समध्ये लोक तसा लावतात. मी थेट ऑपरेशनवाल्यांना देतो.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही त्यांनी तपासली. रोग हाडात, यकृतात, फुप्फुसात पसरलेला असताना स्तनातली मूळ गाठ काढून काही मिळतं का? २००२ साली अमेरिकेतल्या १६,०२३ रुग्णांच्या नोंदींवरून डॉ. सीमा खान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की गाठ काढलेल्या बायका जास्त जगतात. सर्जन खूश. पण आपण ऑपरेशनला कोणाला घेतो ते आठवा. जी चालत येते, जिचं हिमोग्लोबिन बरं आहे, जिचा रोग एकाच हाडात आहे, तिला. मग ती जास्त जगली यात सुरीचं श्रेय किती आणि तिच्या नशिबाचं किती?

टाटामध्ये २००५ ते २०१३ या काळात ३५० बायकांत चिठ्ठी टाकून हे पाहिलं. आधीच्या औषधांना ज्यांनी प्रतिसाद दिला, त्यांच्यातल्या निम्म्यांची गाठ काढली. निम्म्या बायका जिथवर हयात होत्या तो काळ: गाठ काढलेल्यांत १९.२ महिने, न काढलेल्यांत २०.५. फायदा शून्य. उलट गाठ काढलेल्यांत दूरच्या अवयवांतला रोग लवकर वाढताना दिसला, जे त्यांच्या मूळ प्रश्नाशी पुन्हा जुळतं. तुर्कस्तानातल्या एका चाचणीत वेगळं चित्र आलं, म्हणून वाद पूर्ण मिटलेला नाही. पण मला सगळ्यांत भावलेली गोष्ट पुढची आहे. अमेरिकेत जी चाचणी झाली तिचं नेतृत्व त्याच सीमा खान यांनी केलं, आणि २०२२ ला त्यांनीच छापलं की आयुष्य वाढत नाही. आपणच लावलेल्या आशेवर आपणच पाणी ओतलं. सर्जनचं संशोधन करिअर कसं असतं असं विचारता ना? असं असतं.

ही परंपरा जुनी आहे, थोडक्यात सांगतो. १८९४ च्या सुमारास अमेरिकन सर्जन हॉलस्टेडने छातीच्या स्नायूंसकट स्तन आणि काख साफ करण्याची पद्धत रूढ केली, आणि पुढची पाऊणशे वर्षं सर्जन 'अजून थोडं जास्त काढू' याच दिशेने गेले. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर, हेही सर्जन, म्हणाले की रोग मुळातच लवकर रक्तात जात असेल तर जास्त कापून काय साधणार? १९७१ ला त्यांची एक मोठी चाचणी सुरू झाली, १६६५ बायका. २५ वर्षांनंतरही हॉलस्टेडचं मोठं ऑपरेशन आणि साधं स्तन काढणं यांत जगण्याचा फरक नव्हता. मग १९७६ ला स्तन वाचवून गाठ काढण्याची चाचणी. मिलानमध्ये उंबर्तो व्हेरोनेसी त्याच सुमाराला ७०१ बायकांत हेच करत होते. दोघांचेही वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये एकाच अंकात आले. आज तुम्ही स्तन वाचवणारं ऑपरेशन सहज करता, त्यामागे हे आहे.

फिशर यांच्या आयुष्यातला एक भाग मात्र कोणी शिकवत नाही. त्यांच्या चाचण्यांत सामील असलेल्या मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने काही रुग्णांच्या तारखा बदलल्या होत्या, चाचणीत बसवण्यासाठी. १९९४ ला ते गाजलं, आणि फिशर यांना स्वतःच उभ्या केलेल्या गटाच्या प्रमुखपदावरून दूर व्हावं लागलं. त्या रुग्णांची नावं वगळून आकडे पुन्हा मांडले तरी निष्कर्ष तोच राहिला, आणि १९९७ ला त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. पण तोवर त्यांची तीन वर्षं गेली होती. बायोप्सीची तारीख दोन दिवसांनी मागेपुढे केली तर कोणाचं काय बिघडतं, असं वॉर्डात कोणी म्हणालं की मला हे आठवतं.

आता तुमच्या गावाकडे येऊ, कारण बर्नार्ड फिशर वाचून उद्या सकाळी ओपीडीत काय करायचं हे कळत नाही.

निदानातलं संशोधन लोकांना यंत्राचं वाटतं. मुंबईत १९९८ पासून डॉ. इंद्रनील मित्रा आणि टाटाच्या चमूने जे केलं त्यात यंत्र नव्हतं. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायचे, चार फेऱ्या. मॅमोग्राफी नाही. निकाल २०२१ ला 'बीएमजे'मध्ये आला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ वर आलेलं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. सगळ्या वयांचं मिळून घट १५ टक्के, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. तुमच्या जिल्ह्यात मॅमोग्राफीचं यंत्र नसेल, असलं तर तंत्रज्ञ रजेवर असेल. बोटं आहेत.

आणि फॉर्मॅलिन आहे, काढलेला तुकडा कुजू नये म्हणून ज्यात ठेवतात ते द्रव. याबद्दल थोडं लांबण लावतो, कारण माझं स्वतःचं संशोधन, जे काही थोडंफार आहे ते, इथून सुरू झालं.

मी नवीन असतानाची गोष्ट. तालुक्याच्या गावातून एक पंचेचाळिशीच्या बाई आल्या. तिथल्या डॉक्टरांनी लोकल देऊन गाठ काढली होती आणि सलाइनच्या बाटलीत घालून दिली होती. बाटली पिशवीत, पिशवी एस.टी.त, मधे रविवार. पॅथॉलॉजीत पोचली तिसऱ्या दिवशी. रिपोर्ट: कर्करोग, ई.आर. (इस्ट्रोजेन रिसेप्टर) निगेटिव्ह. मी मान्य केला. बाकी उपचार झाले, टॅमॉक्सिफेन, म्हणजे ई.आर. पॉझिटिव्ह असेल तरच चालणारी गोळी, दिली नाही, कारण रिपोर्टवर निगेटिव्ह होतं. दोन वर्षांनी जखमेच्या व्रणाशी गाठ आली. आता तुकडा मी घेतला, लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकला. ई.आर. ठसठशीत पॉझिटिव्ह.

रोगाचा स्वभाव मधल्या काळात बदलू शकतो, हे खरं. पण पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुकड्याची जुनी काच दाखवली. पेशी फिक्या, कडा विरलेल्या. त्या तुकड्यात रंग धरायला काही उरलंच नव्हतं. म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही मला सडलेली भाजी देता आणि चव विचारता." तो रिपोर्ट वाचून दोन वर्षं मी एका बाईला स्वस्तातल्या गोळीपासून लांब ठेवलं होतं. दोष तालुक्याच्या डॉक्टरांवर ढकलणं सोपं होतं. बाटलीत पाणी आहे की फॉर्मॅलिन हे मीही विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी एक वही केली. तुकडा कधी निघाला, फॉर्मॅलिनमध्ये कधी पडला, किती वेळ राहिला, रिपोर्ट काय. बाहेरून आलेले वेगळ्या पानावर. शिस्त साधी आहे: तासाभराच्या आत दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव, आणि सहा ते बहात्तर तास. मोठा नमुना असेल तर मधे काप द्यायचा, नाहीतर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचतच नाही. ट्रूकट, म्हणजे जाड सुईच्या गनने तुकडा घेणं, करत असाल तर आणखी एक बघा. चौदा नंबरच्या गनने तुकडा घेतला की डबीत टाकल्यावर तो बुडतो का तरंगतो? बुडला तर बहुधा गाठीतला, तरंगला तर चरबी, पुन्हा घ्या. आणि गनचा खटका उडण्याआधी बाईला आवाज ऐकवून ठेवा, नाहीतर ती दचकते आणि सुई सरकते. आपल्याकडे ई.आर. निगेटिव्ह जास्त का निघतात यावर मोठमोठे तर्क केले जातात. त्यातला काही भाग या डबीत आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

ही वही पुढे कामाची ठरली ती आणखी एका कारणाने. संशोधनात सगळ्यांत कठीण काय, असं मला विचारलं तर मी आकडेशास्त्र म्हणणार नाही. पाच वर्षांनी ती बाई कुठे आहे हे शोधणं, हे कठीण. वर जे ९०.१ आणि ८६.४ लिहिलं, त्यातला प्रत्येक दशांश कोणीतरी फोन करून मिळवलेला आहे. तुमच्या भागात तर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली बाई उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाही. किमोच्या दोन फेऱ्या झाल्या की टोळी निघते, आणि मुकादमाची उचल घेतलेली असते. तिला 'फॉलोअपला आली नाही' असं लिहून बाद केलंत तर तुमच्या आलेखात उरतात फक्त गावात राहणाऱ्या, मुलं नोकरीत असलेल्या बायका. म्हणून पहिल्याच दिवशी चार नंबर घ्यायचे: तिचा, मुलाचा, माहेरचा, आणि आशाताईंचा. माहेरचा नंबर सहसा बदलत नाही, हा माझा अनुभव. नवऱ्याचं सिम कार्ड वर्षाला बदलतं.

यात कोणाचं उदाहरण घ्यायचं असेल तर बार्शीचं घ्या. १९८७ पासून तिथे ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदणी चालते, देशातली या प्रकारची पहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माणसं गावोगाव फिरून नोंदी गोळा करतात. तुमच्या महाविद्यालयाकडे त्याहून जास्त इमारती नक्की आहेत.

संमतीबद्दल. चिठ्ठी टाकून उपचार ठरवायचा म्हटलं की रेसिडेंट इंग्रजी फॉर्म पुढे करतात आणि बाईचा अंगठा घेतात. असं करणार असाल तर या वाटेला जाऊच नका. मी एकदा काखेतल्या गाठींच्या एका अभ्यासाबद्दल सांगलीकडच्या एका आजींना समजावत होतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुठलं बरं ते तुम्हालाच ठाऊक नाही?" मी म्हणालो, "नाही आजी, म्हणूनच विचारतोय." त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आजवर एवढं खरं कोणी डॉक्टर बोलला नव्हता. टाका चिठ्ठी." सगळ्याच असं म्हणत नाहीत, त्याच दिवशी दुसऱ्या एक बाई उठून गेल्या, आणि त्यांच्यावर ठरलेले उपचार तसेच, त्याच काळजीने झाले. उठून जाणारीला तुम्ही कसं वागवता, यावर बसणारीच्या संमतीला किंमत येते.

काखेचा विषय निघालाच आहे तर: रोग काखेत सगळ्यांत आधी ज्या गाठींत पोचतो त्या शोधायला बाहेर रेडिओआयसोटोप आणि गॅमा प्रोब वापरतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी ते कुठून येणार? टाटामधल्याच सर्जननी काखेच्या खालच्या भागातली चरबी आणि त्यातल्या गाठी सरळ काढून तपासायच्या, म्हणजे 'लो अ‍ॅक्झिलरी सॅम्पलिंग', यावर काम केलं. निळा रंग टोचून त्या गाठी शोधणं स्वस्त, ही पद्धत त्याहून स्वस्त. तुमच्यासारख्या ठिकाणी तपासून बघण्यासारखे प्रश्न या जातीचे आहेत. ड्रेन (जखमेतली नळी) कधी काढला तर सिरोमा, म्हणजे जखमेखाली साठणारं पाणी, कमी होतो, काख साफ केल्यावर खांदा किती दिवसांनी वर जातो, डोक्यावरून पदर घेता येतो का, भांडी वरच्या फळीवर ठेवता येतात का. हे प्रश्न लहान वाटतात. ज्या बाईला हात वर नेता येत नाही तिला विचारा.

करिअरची पायरी म्हणून लागणाऱ्या गोष्टी पटकन सांगतो. एम.सी.एच. सर्जिकल ऑन्कॉलॉजी किंवा एखाद्या मोठ्या केंद्रात स्तनाच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप. 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस'चं, म्हणजे चाचण्या नीट करण्याच्या नियमांचं, प्रशिक्षण आत्ताच करून टाका. चाचणी असेल तर एथिक्स कमिटीच्या परवानगीनंतर आणि पहिली रुग्ण घेण्याआधी सी.टी.आर.आय.वर (भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंद, नंतर नाही. संख्याशास्त्रवाल्याला आकडे गोळा करण्याआधी भेटा. नंतर भेटलात तर तो फक्त तुमचा अभ्यास कशाने मेला ते सांगतो. टाटा आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिडतर्फे 'क्रेडो' नावाची कार्यशाळा होते, तिथे आठवडाभर बसवून तुमच्याकडून प्रोटोकॉल लिहून घेतात. अर्ज करा. बढतीसाठी पेपर लागतात म्हणून जो कचरा छापला जातो, त्यात भर घालू नका. पाच केस रिपोर्टपेक्षा एक नीट भरलेली वही बरी. पैसे म्हणाल तर पहिली पाच वर्षं संशोधनातून एक रुपया मिळत नाही, आणि घरच्यांना ते आधी सांगून ठेवलेलं चांगलं. माझ्या बायकोला मी उशिरा सांगितलं.

थीसिसचा विषय अजून दिला नसेल तर एक सुचवतो. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतात वर्षाला १,९२,०२० बायकांना हा रोग झाला आणि ९८,३३७ दगावल्या. एवढ्या दगावतात त्यात उशिराचा वाटा मोठा आहे. पण उशीर नेमका कुठे होतो? गाठ हाताला लागल्यापासून घरात सांगेपर्यंत, घरात सांगितल्यापासून पहिल्या डॉक्टरपर्यंत, तिथून तुकड्यापर्यंत, तुकड्यापासून ऑपरेशनपर्यंत. शेवटच्या दोन टप्प्यांच्या तारखा तुम्हाला जनआरोग्य योजनेच्या मंजुरीच्या कागदांवर आयत्या मिळतील. पहिल्या दोनच मिळवायच्या आहेत.

त्या विचारताना "किती महिने झाले?" असं विचारू नका, सगळ्या "दोन-तीन" सांगतात. सण विचारा. पोळा झाला होता का? गौरी बसल्या होत्या का? घट उठले होते का? "गौरी जेवल्या त्या दिवशी आंघोळीला बसले तेव्हा लागली" असं उत्तर आलं की भिंतीवरचं कॅलेंडर उलटायचं आणि तारीख लिहून घ्यायची. गेल्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत टाकू नका, ते लागतं.